स्टार्टचं बटण हललं की माणूस का चिडतो?

१. चांगलं चाललं होतं ना?

"चांगलं चाललं होतं, मग बदललं कशाला?" संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा माणूस बहुतेक वेळा घाईत असतो.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग येतात. राईसारख्या गावात झेरॉक्सच्या दुकानातला संगणक म्हणजे अर्ध्या गावाचं दप्तर असतं. सातबाऱ्याची प्रत, पॅन कार्डाचा अर्ज, शाळेचे फॉर्म, साखरपुड्याच्या पत्रिकेचा मजकूर, सगळं त्याच एका यंत्रातून बाहेर पडतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील, तर घरगुती संगणकांना आणखी एक वर्षाची मुदत घ्यायची किंवा विंडोज ११ वर जायचं, असे दोनच सरळ मार्ग उरले. अशा वेळी दुकानदार एका रात्री यंत्र अद्ययावत करतो. सकाळी काउंटरवर चार माणसं उभी असतात आणि त्याचा माऊस सवयीने डाव्या कोपऱ्यात जातो. तिथे स्टार्ट नसतं, ते पट्टीच्या मधोमध गेलेलं असतं. फाईलवर उजवी कळ दाबली, तर ओळखीची लांबलचक यादीही येत नाही. 'कॉपी' हा शब्द गेलेला आणि त्या जागी नुसतं बारीक चित्र.

तो चिडतो, आणि ते योग्यच आहे. पण तो नेमका कशावर चिडतो? नवी सिस्टीम वाईट आहे म्हणून, की ती नवी आहे म्हणून? दोन्ही वेळा राग सारखाच येतो. त्यामुळे पहिल्या दिवशी यातलं खरं कारण कोणतं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. या प्रकरणात या दोन कारणांची गाठ सोडवायची आहे.

२. आतलं आणि वरचं

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीमचं मुख्य काम डोळ्यांना दिसत नाही. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, दाबलेलं अक्षर कोणत्या खिडकीत पोचवायचं, प्रिंटरकडे कागद कोणत्या क्रमाने पाठवायचे, हे सगळं आत चालतं. वापरणाऱ्याला दिसतात त्या खिडक्या, बटणं, चिन्हं आणि रंग. या दर्शनी भागाला इंटरफेस म्हणतात.

बदलाचं कारण पुष्कळदा आतलं असतं. विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० नावाची सोय लागते. संगणकाच्या गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणं हे तिचं काम. पुरेसे नवे नसलेले प्रोसेसरही ही सिस्टीम स्वीकारत नाही, म्हणून कित्येक धडधाकट यंत्रं दारातच अडली. ही खरी मोठी उलथापालथ होती. पण टीपीएम पाहून कोणी 'वा' म्हणत नाही, तिच्याकडे पाहून कोणी नाकही मुरडत नाही. पहिलं मत बनतं ते फक्त दर्शनी भागावरून. कंपन्यांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे आत काही नवं केलं की ते नवं आहे हे कळावं म्हणून बाहेरही रंगरंगोटी होते. कधी कधी आत फारसं काही झालेलं नसतानाही होते.

३. फलाटावरची ठरलेली जागा

भाईंदर स्टेशनवर रोज चर्चगेटची गाडी पकडणारा माणूस फलाटावर कुठेही उभा राहत नाही. त्याची जागा ठरलेली असते. अमुक खांब, तमुक पंख्याखाली. गाडी थांबली की दार बरोबर समोर येतं, आणि उतरल्यावर जिना तिथल्या तिथे. हे त्याने कधी पाठ केलेलं नसतं, पायांनाच ठाऊक असतं. २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने अंधेरी-विरार धीम्या मार्गावर बाराऐवजी पंधरा डब्यांच्या फेऱ्या सुरू केल्या. जागा वाढली, म्हणजे सोयच झाली. पण बारा डब्यांच्या हिशेबाने उभं राहिलं, तर पंधरा डब्यांच्या गाडीचं हवं ते दार समोर येईलच असं नाही. पहिले काही दिवस माणूस गाडी पाहून धावतो आणि चरफडतो. जास्तीचे तीन डबे त्याच्या हिशेबात तेव्हा नसतात. त्याला खटकतं ते एवढंच, की आपलं दार आपल्या जागेवर नाही.

स्टार्टचंही असंच आहे, आणि त्यात भूमितीही आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. आता पडद्याचा कोपरा पाहा. माऊस कितीही जोरात ढकलला तरी बाण कडेला अडतो, पुढे जातच नाही. म्हणून कोपऱ्यातलं बटण दिसायला लहान असलं तरी हाताच्या दृष्टीने ते प्रचंड मोठं असतं, डोळे मिटूनही सापडतं. मधल्या बटणावर मात्र नेम धरून थांबावं लागतं. विंडोज ११ मध्ये आणखी एक खोडी आहे. सगळी चिन्हं मिळून मधोमध राहतात, त्यामुळे जितके प्रोग्रॅम उघडावेत तितकं स्टार्ट डावीकडे सरकत जातं. म्हणजे पाठ करायला एक ठरलेली जागाच नाही. ही तक्रार निव्वळ सवयीची म्हणून झटकून टाकता येणार नाही.

वेळ किती जातो? समजा, दुकानदार दिवसातून २०० वेळा हे बटण किंवा ती यादी वापरतो. पूर्वी एक सेकंद लागायचा, आता तीन लागतात. जादा गेले ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटंसुद्धा नाहीत. पण संध्याकाळी तो 'आज अर्धा दिवस शोधण्यात गेला' असंच सांगणार. तो खोटं बोलत नसतो. पूर्वी हे काम हात करत असे आणि डोकं गिऱ्हाइकाशी बोलायला मोकळं असे. आता दर वेळी डोक्याला खाली उतरून हाताला वाट दाखवावी लागते. त्याला जाणवतो तो हा हेलपाटा.

सराव कसा वाढतो याचंही एक ठराविक वळण आहे. सुरुवातीला वेळ झपाट्याने घटतो, पुढे अगदी हळूहळू. समजा, एखादी कृती पहिल्यांदा १२ सेकंद घेते, दहाव्यांदा ५, शंभराव्यांदा २ आणि हजाराव्यांदा दीड. नव्या सिस्टीमच्या पहिल्या सकाळी माणूस जुन्या सिस्टीमवरचा आपला हजारावा प्रयत्न आणि नवीवरचा पहिला प्रयत्न यांची तुलना करत असतो. दीड विरुद्ध बारा. या तुलनेत नव्याचा निभाव लागणं कठीणच. ते खरोखर सुधारलेलं असलं, तरीसुद्धा.

४. बटण आलं, गेलं, परत आलं

आज ज्या बटणासाठी जीव तुटतो, तेही कधी काळी नवखंच होतं.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं. त्याआधी मायक्रोसॉफ्टने ५६० माणसांना बसवून प्रयोगशाळेत चाचण्यांच्या ६४ फेऱ्या घेतल्या होत्या. सुरुवातीच्या आराखड्यात स्टार्ट नव्हतंच. कंपनीतले अभियंते रेमंड चेन यांनी लिहिलेल्या हकिगतीनुसार डाव्या कोपऱ्यात तीन बटणं होती. सिस्टीमचं, शोधाचं आणि मदतीचं. शोधाच्या बटणावर चक्क डोळ्याचं चित्र होतं! लोक संगणक सुरू करत आणि पुढे काय करायचं ते न कळल्यामुळे नुसते बघत बसत. मग सिस्टीमच्या बटणावर 'स्टार्ट' लिहिलं, आणि लोक ते दाबू लागले. पुढे 'बंद करायलाही स्टार्ट दाबायचं?' हा विनोद जगभर झाला. पण नवशिक्याचा अडसर दूर झाला तो याच एका शब्दाने.

सतरा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि हे बटण गायब झालं. त्याजागी रंगीत चौकोनांनी भरलेला अख्खा पडदा. आयपॅडने टॅब्लेटचा बाजार उघडून दोन वर्षं झाली होती, आणि एकच सिस्टीम टेबलावरच्या संगणकाला आणि बोटाने चालवायच्या टॅब्लेटला चालावी, असा मायक्रोसॉफ्टचा डाव होता. हा निर्णय त्यांनी डोळे झाकून घेतला नव्हता, त्यांच्याकडे आकडे होते. आधीच्या विंडोज व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेन्यूचा वापर ११ टक्क्यांनी घटला होता, कारण लोक नेहमीचे प्रोग्रॅम खालच्या पट्टीलाच टाचून ठेवू लागले होते.

आकडा बरोबर असेलही, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. एखादी गोष्ट कमी वेळा वापरली जाते, म्हणून ती कमी महत्त्वाची ठरत नाही. क्वचित लागणारा प्रोग्रॅम शोधायला, संगणक बंद करायला, वाट चुकली तर परतायला लोक तिथेच जात होते. विंडोज ८ मध्ये संगणक बंद कसा करायचा, हेच कित्येकांना कळेना. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात माऊस नेल्यावर उगवणाऱ्या पट्टीत ती सोय दडवलेली होती. बाण उगाच कोपऱ्यात नेऊन तिथे काही उगवतंय का, हे कोण कशाला पाहील? जुना मेन्यू परत आणणारी छोटी सॉफ्टवेअर चांगली चालली. १७ ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ आवृत्तीत बटण परतलं, पण दाबल्यावर पुन्हा तेच चौकोन. खरा मेन्यू आला तो २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० मध्ये.

इथे पहिल्या दिवसाचा राग खरा ठरला. तो तीन वर्षांतही निवळला नाही, आणि कंपनीला माघार घ्यावी लागली.

५. नाव सांगितलं नाही तर?

पहिलं मत किती लवकर बनतं? कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात गिट्टे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की एखादं वेबपान ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दिसलं तरी ते सुरेख की बेढब याचं मत तयार होतं, आणि थोडा जास्त वेळ पाहूनही ते फारसं बदलत नाही. त्याच्या अकरा वर्षं आधी जपानमध्ये मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या बटणांच्या २६ मांडण्या २५२ माणसांपुढे ठेवल्या होत्या. ज्या मांडण्या देखण्या वाटल्या, त्या लोकांना सोप्याही वाटल्या. प्रत्यक्षात किती सोप्या होत्या, याचा त्या मताशी फार कमी संबंध होता.

रूप मत घडवतं, तसं नावही घडवतं. जानेवारी २००७ मध्ये आलेलं व्हिस्टा बदनाम झालं होतं. २००८ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने सॅन फ्रान्सिस्कोत काही लोकांना बोलावलं. व्हिस्टाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. त्यांना 'मोहावी' नावाची आगामी सिस्टीम दाखवण्यात आली. ती मंडळींना आवडली. मग सांगितलं, की हे व्हिस्टाच आहे. चकित झालेले चेहरे जाहिरातीत झळकले.

जाहिरात म्हणून झकास, पण पुरावा म्हणून लंगडं. त्या लोकांनी यंत्र स्वतः हाताळलं नव्हतं, जाणकार माणसाने नव्या कोऱ्या लॅपटॉपवर त्यांना प्रात्यक्षिक दाखवलं होतं. व्हिस्टाबद्दलची गाऱ्हाणी मात्र जुना प्रिंटर न चालणं, जुनं यंत्र रखडणं, आणि पावलोपावली परवानगी मागणाऱ्या खिडक्या, अशी होती. प्रिंटरच जोडला नाही तर तो चालत नाही हे कळणार कसं? मोहावीने एवढंच सिद्ध केलं, की ऐकीव नावामुळे मत कलुषित होतं. ते मत निराधार होतं, हे काही त्याने सिद्ध झालं नाही.

६. कोणती तक्रार टिकते

तज्ज्ञही या फेऱ्यातून सुटत नाहीत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये नोम ३ या नव्या रूपावर जाहीरपणे तोंडसुख घेतलं आणि दुसरं साधं रूप वापरायला सुरुवात केली. २०१३ मध्ये ते नोमवर परतले. पण जसं होतं तसं त्यांनी ते स्वीकारलं नाही, नडणाऱ्या जागा दुरुस्त करणाऱ्या जोडण्या लावून घेतल्या. म्हणजे रागाचा काही भाग सवयीने विरघळला होता आणि उरलेला खरा होता.

फोनचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. सप्टेंबर २०१३ मधल्या आयओएस ७ मध्ये ॲप उघडताना पडदा झेपावत जवळ यायचा. काहींना त्याने चक्क गरगरायला लागलं. गरगरणं हा शरीराचा मामला आहे, महिनाभर सराव केला तरी तो जाईलच असं नाही. सुमारे महिनाभराने ॲपलने ती हालचाल थांबवण्याची सोय दिली. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये काचेसारखी पारदर्शक बटणं आली, आणि मागच्या चित्रातून अक्षरं वाचता येत नाहीत अशी ओरड झाली. काही आठवड्यांत, २६.१ मध्ये, काच गडद करण्याचा पर्याय मिळाला.

विंडोज ११ च्या तक्रारींचीही अशीच चाळणी झाली. एकाच प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्या पट्टीवर एका चिन्हात कोंबल्या जातात, ही तक्रार दोन वर्षं टिकली आणि २०२३ च्या अखेरीस त्या सुट्या दाखवण्याची सोय परत आली. उजव्या कळीच्या यादीतल्या मुक्या चित्रांखाली २०२४ च्या आवृत्तीत शब्द आले. मधलं स्टार्ट मात्र तिथेच आहे. ज्याला खुपतं त्याने सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन', मग 'टास्कबार' आणि तिथे मांडणी 'लेफ्ट' करावी. तेवढ्याने कोपरा परत मिळतो. हे पहिल्याच दिवशी करण्यात कसलाही कमीपणा नाही.

७. मराठीचा उलटा हिशेब

आतापर्यंतची उदाहरणं जगाची होती. मराठीत लिहिणाऱ्याचा जमाखर्च मात्र निराळा निघतो.

संगणकावरचं जुनं मराठी ही एक युक्ती होती. यंत्राच्या लेखी साठलेलं असायचं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्याच्यावर मराठी आकार चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोड या प्रमाण संकेतपद्धतीने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि ही युक्ती अनावश्यक केली. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी 'मंगल' हा फॉन्ट आला. त्याचे आकार आखले होते कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, जे पवईच्या आयआयटीत शिकवत असत.

पण देवनागरीला नुसता फॉन्ट पुरत नाही. 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी साठते 'थ' नंतर, दिसायला हवी मात्र 'स्थ' च्या आधी, आणि 'स' अर्धा व्हायला हवा. ही जुळवाजुळव सिस्टीमला करावी लागते. व्हिस्टाच्या आधीच्या विंडोज एक्सपीमध्ये ती यंत्रणा होती, पण बहुतेक संगणकांवर बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषेच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत खूण करायची, विंडोजची सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा, तेव्हा कुठे वेलांट्या जागेवर बसायच्या. सीडी हरवलेली असली की खेळ खलास. 'संगणकावर मराठी नीट येत नाही' हा समज ज्या कारणांनी पसरला, त्यांत ती एक न केलेली खूणही होती.

ही खूण करण्याची गरज कोणी संपवली? जगाने नावं ठेवलेल्या व्हिस्टाने. तिथे देवनागरीची जुळणी पहिल्या दिवसापासून चालू होती, सीडी लागत नव्हती. त्या काळच्या व्हिस्टाच्या परीक्षणांत गाजले ते प्रिंटर आणि परवानगीच्या खिडक्या. मराठीसाठी इतकी मोठी सोय झाली, तरी त्याबद्दल टाळ्या वाजल्या नाहीत. त्याचं कारण मागच्याच हिशेबात आहे. हरवलेलं बटण शोधायला हात आपोआप जातो. पण एक्सपीवर मराठी टंकायचा नाद सोडून दिलेला माणूस, ते आता जमतं का हे पाहायला व्हिस्टाच्या पहिल्या सकाळी बसत नाही. पहिल्या दिवशीच्या मतात गमावलेलं सगळं मोजलं जातं. मिळालेल्यातलं तेवढंच मोजलं जातं, जे वापरायची सवय आधीपासून होती.

विंडोज ८ मध्ये याच्या उलट घडलं. भारतीय लिप्यांसाठी 'निर्मला' हा नवा फॉन्ट आला आणि पडद्यावरच्या सूचनांमध्ये मंगलची जागा त्याने घेतली. निर्मला लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. पण विंडोज १० पासून मंगल हा पर्यायी फॉन्टांच्या गटात गेला. नव्या यंत्रावर तो असेलच असं नाही. मंगलमध्ये केलेला जुना अर्ज तिथे उघडला की सिस्टीम जवळचा दुसरा फॉन्ट लावते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानावर सांडतो. दुकानदार म्हणतो, नव्या विंडोजने फाईल बिघडवली. मजकूर मात्र जसाच्या तसा असतो, हरवलेला असतो फक्त फॉन्ट. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' उघडून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडायचे, इंटरनेट चालू ठेवायचं. थोड्या वेळाने तीच फाईल उघडली की अर्ज पुन्हा एका पानात बसतो.